अण्णांच्या एल्मची गुटी

नर्सरीत ओल्या शेवाळाचा वास आला की मी अजूनही तोंड फिरवते. काल मुकुंदवाडीत तेच झालं.

माझे वडील, अण्णा, वाळूजच्या कंपनीतून ड्युटी करून आले की आधी गच्चीवर, कुंडीतल्या त्यांच्या बोन्साय एल्मच्या झाडापाशी जायचे. त्या श्रावणात त्यांनी एका फांदीची साल गोल सोलली, तिथं ओलं शेवाळ लावलं आणि वर प्लास्टिक बांधलं. म्हणाले, "गुटी हाय. मुळं सुटली की तुझ्या सासरी ने." मी नुसतं हं केलं.

पौषात अण्णा गेले. दहाव्याच्या सकाळी बघितलं, तर झाडावर एक पान नव्हतं. आत्या रडत म्हणाली, "माणसामागं झाड बी गेलं, बघ." सगळ्यांना ते लई पटलं. मलाही. पाहुण्यांच्या आंघोळीचा बंब पेटलेलाच होता. मीच झाड उपटलं, मोडलं आणि त्यात घातलं. ते नुसतं धुपत राहिलं. वाळलेलं लाकूड असं धुपतं का?

गुटीची फांदी तेवढी हातात उरली. प्लास्टिक जळून वास सुटेल म्हणून ते सोडलं, तर आत पांढरीशुभ्र मुळं, गच्च. एल्मची पानं दर पौषात गळायची आणि अण्णा ती झाडून काढायचे, हे तेव्हा आठवलं.

मागं आत्या अजून तेच सांगत रडत होती. ती मुळं कुणी बघायच्या आत मी ती फांदीही बंबात सारली.

अण्णांमागं झाड गेलं, हे आत्या आजही सगळ्यांना सांगते. मी शेजारी बसून मान डोलावते.