पाटील नावाचा बाण

या जगात सरळ जाणारी एकही वस्तू नाही, असं माझ्या बायकोच्या थोरल्या मामांचं ठाम मत होतं. आणि गंमत अशी की कळमनुरीच्या आसपास त्यांच्याइतका सरळ नेम दुसऱ्या कुणाचा नव्हता. मामा तालेवार शेतकरी. घरी बैलजोड्या, गडी, मळ्यात बारमाही पाण्याची विहीर. पण डोंगरातून उतरणारी रानडुकरं असल्या मोठेपणाला काडीचीही किंमत देत नसत, आणि निजामाच्या राज्यात बंदुकीच्या परवान्यासाठी कचेरीत खेटे घालण्यापेक्षा बांबू वाकवणं सोपं होतं. म्हणून मामांनी तरुणपणी कमठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, हातात घेतला तो घेतलाच. पुढे डुकरं राहिली बाजूला आणि बाण कसा जातो याचंच त्यांना वेड लागलं. हाताला काही लांबट लागलं की दोन्ही टोकं धरून अंगठ्यानं मधोमध दाबायचं, ही त्यांची खोड. काठी, बासरी, मामींचं लाटणं, शेवग्याची शेंग, काही सुटायचं नाही. दाबायचं, एक डोळा मिटायचा, आणि निकाल द्यायचा: "हे कडक हाय, डावीकडं जाईल." किंवा "नरम हाय, उजवीकडं जाईल." शेवग्याची शेंग कुठं जाणार, असं विचारायची सोय नव्हती. ती आमटीत जायची.

माझं लग्न ठरवायला ही मंडळी परभणीला आली, तेव्हा बाकीच्यांनी पत्रिका पाहिली, पगार विचारला. मामा उठले, माझ्या मागं आले, एक हात खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं माझ्या पाठीचा कणा दाबला. मी कळवळून वाकलो. मामा खाली बसले, पानाला चुना लावला आणि भरबैठकीत म्हणाले, "नरम हाय पोरगं. उजवीकडं जाईल. पण तुटायचं न्हाई. द्या पोरगी."

त्यांचं म्हणणं काय होतं, ते मला लग्नानंतर कळलं. बाण दोरीवर असतो तेव्हा धनुष्याचं लाकूड त्याच्या वाटेत आडवं असतं. सरळ जायचं म्हटलं तर तो त्या लाकडालाच धडकणार. म्हणून दोरी सुटली की बाण आधी वाकतो, धनुष्याला वळसा घालतो, मग उलट्या अंगाला वाकतो, आणि असा पाण्यातल्या माशासारखा वळवळत वळवळत शेवटी सरळ होतो. फार नरम असला तर जास्त वाकून उजवीकडे भरकटतो. फार कडक असला तर वळसाच घालत नाही, लाकडाला घासून डावीकडे फेकला जातो. हे पटवून देण्यासाठी मामांनी एकदा मामींची ओली हळद कमठ्याच्या मुठीजवळ थापली आणि माझ्यादेखत बाण सोडला. बाणाच्या शेपटीची मोरपिसं कोरडी ठणठणीत राहिली, हळदीचा ठिपकाही नाही. "बघा जावईबापू," मामा म्हणाले, "शेपूट शिवलं न्हाई. अंग चोरून गेला बराबर." मामी चुलीपाशी बसून म्हणाल्या, "बाणानं अंग चोरलं, अन् यायनी हळद. आता वरणात काय कमठा बुडवू?"

प्रत्येक बाण असा दाबून, तासून, पुन्हा दाबून कमठ्याच्या जोराशी जुळवलेला असे. अपवाद एकच. भात्यात एक जाड, काळपट लाकडाचा बाण होता. तो कितीही दाबा, केसभर लवत नसे. मामा त्याला 'पाटील' म्हणत. हा सोडला की हटकून डावीकडे जायचा. कधी बाभळीत, कधी कडब्याच्या गंजीत, एकदा तर गावच्या खऱ्या पाटलांच्या पडवीत. मी विचारलं, "मामा, मग हा ठेवलाय काहून? चुलीत घाला." मी त्यांच्यासमोर त्यांचीच भाषा बोलायचो, आणि ती माझ्या तोंडी मागून आणलेल्या सदऱ्यासारखी ढगळ व्हायची. मामा पाटलाला तेल लावत म्हणाले, "असू द्या. तो कुठं जाईल हे तरी पक्कं म्हाईत असतं. बाकीच्यायची काळजी वाटते."

मग निजामी राज्याचं ते शेवटचं वर्ष आलं. टोळ्या फिरत होत्या. त्यांचं नाव घ्यायलाही लोक भीत. नुसतं 'ते' म्हणत, आणि म्हणतानाही आधी मागं वळून बघत. आज या गावाच्या गंज्या पेटल्या, उद्या त्या गावची माणसं सीमेपलीकडच्या वऱ्हाडात पळाली. मी ज्या वकिलांकडे अर्ज लिहायचो ते दार लावून सीमेपलीकडे निघून गेले. माझी बायको बाळंतपणाला टेकलेली. वऱ्हाडापर्यंतचा प्रवास तिला झेपणारा नव्हता. मी तिला घेऊन मामांच्या गावी आलो. म्हणजे सांगताना मी 'तिला घेऊन आलो' असं सांगतो. बैलगाडीत ती ताठ बसली होती आणि मी कडब्याखाली होतो.

गावात दिवे लागत नव्हते. पानं सळसळली तरी बायका लेकरांची तोंडं दाबत. गावच्या चारी अंगांना शेतातल्या माळ्यांवर, म्हणजे पाखरं राखायला बांधतात त्या लाकडी मचाणांवर, पहारा बसला. कळमनुरीच्या बाजूच्या माळ्यावर मामा कमठा घेऊन, आणि सोबतीला शेजारचा गणपा आणि दोघं-तिघं कुऱ्हाडीवाले. गावानं एक रीत ठरवली होती. दिवस कलल्यावर शिवारातून गावात येणाऱ्यानं आपल्या बैलाचं नाव ओरडायचं. बाहेरच्या माणसाला गावातल्या बैलांची नावं कुठून ठाऊक असणार? गावात प्रत्येकाला प्रत्येकाचा बैल माहीत. मला बैल नव्हता, म्हणून मामांनी आपला हरण्या मला तोंडी बहाल केला. "ध्यानात ठेवा जावईबापू. हरण्या. दुसरं काई बी बोलू नका. वरतं बसलेली माणसं लई भेलेली हायेत, अन् भेलेल्या माणसाचा भरवसा न्हाई."

मार्गशीर्षातली गोष्ट. मामींनी बाळंतपणासाठी सुंठ आणि डिंक आणायला मला कळमनुरीच्या बाजारात धाडलं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. सगळे पहाऱ्यावर होते, आणि पहाऱ्यावर माझा उपयोग नाही हे एव्हाना सर्वमान्य झालं होतं. सुंठ घेतली, डिंक घेतला. तेवढ्यात एका जुन्या कपडेवाल्याकडे मला एक खाकी कोट दिसला. लढाईवरून परतलेल्या कुणा शिपायाचा असावा. तो पाहताच माझ्या डोक्यात एक विचार आला, आणि माझ्या डोक्यात विचार येतो तेव्हा जवळच्या माणसांनी सावध व्हावं असं माझी बायको आजही म्हणते. विचार असा, की 'ते' खाकी घालतात. मीही खाकी घातली तर वाटेत ते मला आपलाच समजून सोडून देतील. कोट घातला, गुंड्या लावल्या, आणि किती दिवसांनी छाती काढून रस्त्याला लागलो.

युक्ती अचूक लागू पडली. वाटेत जे दोन गाडीवान दिसले ते मला पाहताच बैल सोडून ओढ्यात पळाले. त्यांना पळताना पाहून मला वाटलं, माझ्या मागून कुणी तरी येतंय. मीही पळालो. रस्ता सोडून ज्वारीत घुसलो. दिवस मावळतीला टेकला होता. छातीभर ज्वारीत वाकून चालताना चहूकडून पात्यांची सळसळ ऐकू येत होती, आणि ती मीच करतोय हे काही केल्या मनाला पटत नव्हतं. मी थांबलो की ती थांबायची. म्हणजे जो कोणी होता तो माझ्यावर नजर ठेवून होता.

तेवढ्यात समोरून आवाज आला, "कोन हाय तिकडं? बैल सांग."

मान वर केली. माळ्यावर, उजेड पाठीशी असलेल्या काळ्या आकृत्या. त्या आपल्या माणसांच्या आहेत की त्यांच्या, कळेना. तोंड उघडलं. आणि बैलाचं नाव? बैल दिसत होता. त्याची शिंगं, त्याचं वशिंड, कपाळावरचा पांढरा टिळा, सगळं डोळ्यांपुढे उभं; नाव तेवढं पुसलेलं. सुंठीची पुडी छातीशी धरून मी थरथरत उभा, आणि माझ्या भोवतीची ज्वारी माझ्याबरोबर थरथरत होती.

"खाकी हाय," गणपाचा घोगरा आवाज आला. "मामा, हाना. न्हाई तं आमी कुऱ्हाडी घेऊन उतरतो."

वर काही तरी खडखडलं. मग दोरीचा आवाज.

बाण समोरून येताना पाहिलेली फार माणसं नसतील, आणि असली तर ती लिहायला उरलेली नसतील. बाण दिसतो. मामांनी सांगितल्यासारखा मासा मात्र दिसला नाही. हा बाण पोहत नव्हता. ताठ, आखडून, कुणाचंही न ऐकता तो आला आणि सोडणाऱ्याच्या डावीकडून, म्हणजे माझ्या उजव्या कानाचा वारा घेऊन मागच्या बाभळीत रुतला. आणि मग माझ्या तोंडून नाव फुटलं. बैलाचं नव्हे. लग्नात उखाण्यात एकदा घेतलेलं, त्यानंतर त्या काळच्या रीतीप्रमाणे चारचौघांत कधीही न उच्चारलेलं बायकोचं नाव मी सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडलो. "गोदावरी."

माळ्यावर कुणी तरी म्हणालं, "ह्यो बैल कोनाचा?"

"थांब रे," मामांचा आवाज आला. "जावई हाय आमचा."

मामा खाली उतरले. त्यांनी माझ्या खांद्याला धरलं. त्यांनी कोटाच्या गुंड्या एकेक सोडल्या, कोट काढून बांधावर फेकला, मग बाभळीतून बाण उपटायला गेले. काळपट, जाड. पाटील होता. मी जीव परतल्याच्या आनंदात नको ते बोललो, "मामा, नेम हुकला तुमचा."

"व्हय," मामा म्हणाले. "हुकला."

गावात हसू झालं. बायकोनं दोन दिवस तोंड दाखवलं नाही, मामींनी सुंठ निवडता निवडता "गोदावरी ग गोदावरी" करून मला भंडावून सोडलं. पण माळ्यावरच्या मंडळींत कुजबूज वेगळी होती: मामांचा हात गेला. ऐन वेळी दहा हातांवरचा माणूस हुकला. खरोखर ते आले असते तर? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मामांच्या जोडीला गोफणवाले बसवले. ज्या माणसाच्या नेमावर पंचक्रोशी निजत होती, त्याला माळ्याच्या कडेला सरकून बसावं लागलं. 

खरं मला गणपानं सांगितलं, तेही माझी मुलगी जन्मल्यावर, पेढा खाता खाता. दोरीवर आधी चांगला बाण चढवलेला होता. मामांनी एकदा ज्वारीकडे पाहिलं, तो उतरवला, आणि भात्यातून पाटील काढला. "मी म्हनलं, मामा, हा काहून? तं म्हनले, गप. अन् नेम बराबर तुमच्या छातीवर धरला."

मी धावत मामांकडे गेलो. ते ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हणालो, "तुम्हाला मी ओळखू आलो होतो का?"

"त्या कोटात? न्हाई."

"मग?"

मामांनी बाळाच्या मुठीतून आपलं बोट सोडवलं. "जवारी लई थरथरून राहिली व्हती. मारायला आलेलं मानूस इतकं थरथरत न्हाई. पन ही पोरं कुऱ्हाडी घेऊन उतरली असती, त्यायला एक बाण सुटलेला दिसाया पाहिजे व्हता. म्हनून पाटलाला धाडलं. तो काई तुमच्याकडं येनार नव्हता."

"गावाला सांगा की मग. लोक तुमचा हात गेला म्हणतात."

"म्हनू द्या. पुन्यांदा तशीच वेळ आली, अन् मी मुद्दाम हुकवतो हे पोरायला म्हाईत असलं, तं?" असं म्हणून त्यांनी बाळाच्या पाठीवर अलगद अंगठा ठेवला. दाबला मात्र नाही.

पुढच्या भादव्यात ते राज्य गेलं, दिवे लागले, माणसं वऱ्हाडातून परतली. मामांचा कमठा खुंटीवर गेला तो तिथंच राहिला. ते गेले तेव्हा मामींनी मला विचारलं, काही हवं का. मी पाटील मागून आणला. माझ्या बैठकीत दोन खिळ्यांवर तो आडवा ठेवलाय. इतके पावसाळे गेले, आताशा मधोमध जरासा झुकल्यासारखा वाटतो. बायको म्हणते, खिळे खालीवर ठोकलेत, दुसरं काही नाही. असेल. माझ्या हातून ठोकलेले खिळे आहेत. तरी कधी घरात कुणी नसताना मी तो खाली काढतो, दोन्ही टोकं धरतो आणि अंगठ्यानं दाबून बघतो. अंगठा आता कापतो, त्यामुळे पाटील लवतो की मीच, ते काही कळत नाही.