अडीच घरं चालणारा राजा

पुण्याची नोकरी लागल्याचं कळलं त्या दिवसापासून माझा पाय एका जागी ठरेना. आनंद होताच, पण मनाला एकच घोर लागला होता: मी गेल्यावर अप्पांशी बुद्धिबळ कोण खेळणार?

बीडजवळच्या नेकनूरला आमचं किराणा दुकान. दुपारी गिऱ्हाईक थंडावलं की माझे वडील, म्हणजे अप्पा, आणि शेजारचे टेलरचाचा ओट्यावर पट मांडून बसायचे. माझ्या कळत्या वयापासून हे असंच. मग चाचा मुलाकडे औरंगाबादला राहायला गेले आणि अप्पांची दुपारच मोडली. उगाच स्टँडपर्यंत चालत जायचे, परत यायचे, आईवर खेकसायचे. संध्याकाळी मी बीडहून कामावरून परतले की त्यांच्याबरोबर एखादा डाव टाकायचे. आता मीही निघाले होते.

बीडच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे, तिथला एक जुना कॉम्प्युटर मी घरी आणला होता. त्यावर विंडोज होतं. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम मात्र मिळाला तो फ्लॉपीवरचा, त्याच्याही आधीच्या डॉससाठी बनवलेला. म्हटलं, त्यात काय, चालेल की. चालतंय कशाला! उघडला की लगेच मिटायचा. पुन्हा उघडला तर मेमरी पुरत नाही म्हणून अडून बसायचा. मी इरेला पेटले. एकेक फाइल उघडायची, त्यातल्या ओळी खोडायच्या, मशीन बंद करून परत लावायची, पुन्हा तेच. ताटावरून अर्धी उठून मी तिथं जाऊन बसायचे. आई म्हणायची, "अगं, जायचं तोंडावर आलंय, कपडे तरी भर." मी तिच्याच अंगावर धावून जायचे.

शेवटी विंडोजला बाजूला सारून मशीन नुसत्या डॉसमध्ये सुरू केली, तेव्हा कुठं पट दिसला. माऊस तिथं मेल्यात जमा होता, पण बाणांच्या बटणांनी सोंगट्या हलत होत्या. मी ओरडतच दुकानात गेले आणि अप्पांना हाताला धरून आणलं.

अप्पा कपाळावरच्या विभूतीसकट काचेला चिकटून बसले. सुरुवातीला झकास चाललं. मग त्यांनी राजा उचलला. आमच्याकडच्या रीतीत राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी अडीच घरं चालता येतं. अप्पांचा आणि चाचांचा सगळा खेळ त्या एका उडीवर उभा. अप्पांनी बाण नेमका तिथं नेला आणि बटण दाबलं. मशीन 'टूं' करून ओरडली. परत दाबलं, परत ओरडली.

"कावून वरडतंय हे?"

"अप्पा, त्याच्या नियमात राजा तसा चालत न्हाई."

"मंग त्याला सांग की."

"सांगता येत न्हाई. ते आतच तसं लिहिलेलं असतंय."

अप्पा उठले आणि दुकानात गेले. मला रडायचंच बाकी राहिलं. हे इथं चालावं म्हणून एवढा आटापिटा केला, आणि मुळात खेळच परक्या मुलखातला आहे हे मला सुचलंसुद्धा नव्हतं! मी स्वतःवर, मशीनवर, औरंगाबादला जाऊन बसलेल्या चाचांवर, सगळ्यांवर चिडले.

थोड्या वेळानं अप्पा गुळाचे हात धोतराला पुसत परत आले.

"पाव्हणा हाय तो. पाव्हण्याच्या रीतीनं खेळू. कसा चालतो त्याचा राजा, दाव मला."

डॉक्टरांनी सांगूनही चहातली साखर कमी न करणारा हा माणूस माझ्याकडून राजा-हत्तीची अदलाबदल शिकला. प्यादं आरंभाला दोन घरं जातं हेही शिकला, तोंड वाकडं करत का होईना. रोज हरायचे आणि वर मशीनचंच कौतुक करायचे. "लई हुशार हाय बरं," असं ते जेवताना आईला सांगायचे. चाचांना त्यांनी असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "जमतंय आता. तू बिनघोर जा."

मलाही ते खरं वाटायला लागलं. मी कपडे भरले.

निघायच्या दिवशी बॅग दारात आली, आईनं हातावर दही-साखर ठेवली, तरी अप्पा बाहेर येईनात. "आत खेळायलेत," आई म्हणाली. माझं डोकंच फिरलं. पोरगी गाव सोडून चाललीय आणि यांना आजही खेळच? निदान स्टँडपर्यंत तरी! तणतणत आत गेले. अप्पा पाठमोरे बसले होते, बाणांची बटणं दाबत होते.

"डाव रंगात आलाय, माय," ते मान न वळवता म्हणाले. "आता उठता येत न्हाई. जा तू, गाडी चुकंल."

मी पाया पडायला वाकले आणि उठताना माझी नजर समोर गेली. पडद्यावर काहीच नव्हतं. गावातली वीज सकाळपासून गेली होती.

"जिंका, अप्पा," मी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा न बघताच बाहेर पडले.