आधी नळ, मग डिस्क

लातूरच्या नळाला महिना महिना पाणी नव्हतं त्या वर्षी आमच्या पतसंस्थेच्या डेटाचा बॅकअप दर शनिवारी एसटीनं नांदेडला जायचा. ही पद्धत मीच लावली होती. सर्व्हर लातुरात, नक्कल नांदेडच्या शाखेतल्या कपाटात. इथं आग लागली तरी खातेदारांची खाती शाबूत.

डिस्क न्यायचे मामा. आमचे शिपाई, उदगीरचे, बारा वर्षं हंगामी. उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा होती आणि साहेबांनी शब्द दिला होता, "जिल्हा झाला की तिथं आपलं ऑफिस. मामा, तू कायम." मामांनी तेवढ्यावर सुनेला सांगून टाकलं होतं.

नांदेडला गोदावरीचं पाणी होतं. पहिल्यांदा कॅन दिला तो साहेबांनी. मग कॅशिअरनं, मग सगळ्यांनी. मामा जाताना रिकामे कॅन दोरीनं बांधून न्यायचे आणि येताना बसच्या टपावरून भरलेले उतरवायचे. शाखेजवळचा नळ सकाळी थोडाच वेळ यायचा. म्हणून साहेबांनी बजावलं होतं, "आधी पाणी भर, मग डिस्क ठेव. नळ थांबत नाही. डिस्क कुठं पळून जाती का?"

मी म्हटलं, तिकडं पोचलेली डिस्क कुणीतरी लावून बघायला हवी. साहेब हसले. "बाई, तुमचा माणसांवर भरवसाच न्हाई."

सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडलेला, त्याच्या जागी कूलर. कूलरमध्ये ओतायला पाणी नाही. मे महिन्यात सर्व्हर तापून मेला. नांदेडहून डिस्क मागवली. ती उघडेना. कव्हर काढलं तर आत पांढुरके डाग. आधीच्या डिस्कची तीच गत.

साहेबांनी सगळ्यांसमोर मामांना उभं केलं.

"डिस्क भिजली कशी?"

"नळावर भिजली असंल, साहेब. पिशवी खाली ठेवून कॅन भरत होतो."

"डिस्क घेऊन नळावर काय काम होतं तुझं?"

मामांनी साहेबांकडं पाहिलं, मग कॅशिअरकडं. कॅशिअर नखं बघत होता. साहेबांच्या टेबलावर पाण्याचा पेला होता, त्याच कॅनमधला.

मी म्हटलं, "तुम्ही आत्ता प्यायलात ना, तेच काम होतं."

"बाई, मध्ये बोलू नका. शिपायाचं काम शिपायाला कळायला पाह्यजे."

"तुमीच म्हणले होते, साहेब," मामा म्हणाले. फक्त एकदाच.

कॅशिअर हसला. "बघा, आता साहेबांवर ढकलायलाय."

हंगामी माणसाला काढायला पत्रही लागत नाही. मामा दुपारच्या आत गेले. जाताना कोपऱ्यातले रिकामे कॅन नीट एका रांगेत लावून गेले. ते बघून कुणीतरी म्हणालं, "सवय हाय."

खातेदारांची पासबुकं गोळा करून आम्ही सगळी खाती पुन्हा टाइप केली. उन्हाळा त्यातच गेला. उदगीर जिल्हा झालाच नाही.

नवा सर्व्हर आल्यावर पहिल्या शनिवारी डिस्क न्यायला मीच निघाले. साहेब केबिनच्या दारात आले. हातात कॅन.

"बाई, नांदेडला चाललाच आहात तर..."

बाकीचेही आपापले कॅन काढू लागले होते.