पहिली मूठ पाखरांची

रखमाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जवळा बाजारला आठवडी बाजारात भाजी घेत होतो. पिशवी भाजीवालीजवळ तशीच ठेवून निघालो, तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला पाच आठवडे झाले. लिहायला बसतो आणि उठतो... थकून गेल्यासारखं झालंय.

रखमाजी कळमनुरीकडचा मेंढपाळ, माझ्याच वयाचा. मी त्याच्या गावी मास्तर म्हणून गेलो आणि पैनगंगेचं खोरं त्यानेच मला दाखवलं. अभयारण्याची हद्द तुझ्या मेंढ्यांनाही पाठ आहे, असं मी त्याला चिडवायचो. सागाच्या जंगलाखालून वळणारी नदी, अलीकडे बिरोबाचा दगड, पलीकडे पीराचं ठाणं. तो दोन्हीकडे सारख्याच भक्तीने नारळ न्यायचा. मेंढ्या नदीत धुऊन कातरल्या की लोकरीची पहिली मूठ काठावरच्या बाभळीच्या काट्यांना अडकवायचा, घरट्यांसाठी. "पहिली मूठ पाखरांची. आपली मागून," म्हणायचा.

मग मी माती खाल्ली. याच पुरवणीत खोऱ्यावर कौतुकाने लेख लिहिला. नदीसुरय पक्षी कुठल्या डोहाजवळ वाळूत अंडी घालतात, तिथवर कसं जायचं, सगळं सांगून टाकलं. पुढच्याच रविवारी गाड्या आल्या. वाळूच्याच रंगाची अंडी कुणाला दिसणार? पायांखाली गेली. पक्षी दोन दिवस वर ओरडत फिरत होते.

"मास्तर, कौतुक केलं ते बरं केलं. पत्ता काहून दिला?" रखमाजी एवढंच म्हणाला. त्यानंतर चहा पाजायचा, लेकराबाळांचं विचारायचा, पण नदीवर चल असं कधी म्हणाला नाही. आठ वर्षं! मीही माफी मागणं पुढे ढकलत राहिलो, आणि आता त्याची लाज वाटते.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी फडक्यात बांधलेली लोकर पुढे केली.

"आजारी असतानी सांगून ठेवलं व्हतं... ह्या खेपेची मूठ मास्तरच्या हातानं लावा. जागा त्यायला ठाऊक हाये."

मी फडकं घेतलं. एकटाच नदीवर गेलो. हात सराईत नव्हता, बोटात काटा रुतला. लोकर नीट अडकवली आणि त्याच्या नेहमीच्या दगडावर बसून राहिलो. एव्हाना ती कुणा पाखराने नेलीही असेल.

बाभूळ कुठली, ते लिहीत नाही.