पंख्यावरचं झाकण

शनिवारी सकाळी आठ बोटी कालव्यावरून परत यायच्या आणि दुपारी बाराच्या आत त्याच आठ बोटी नवी आठ कुटुंबं घेऊन निघायच्या. मधल्या वेळात चादरी बदलायच्या, भांडी घासायची, टाक्या भरायच्या आणि आठवडाभर एकही बोट बुडणार नाही याची खात्री करायची. पहिली तिन्ही कामं धक्क्यावरच्या तिघी बायका हसतखेळत उरकायच्या. चौथं मिस्त्रींकडे होतं. ते काम मिस्त्री शनिवारी हातांनी करत आणि उरलेले सहा दिवस डोक्याने.

मिस्त्रींचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं. धक्क्यावर त्यांना 'बघून-येतो' म्हणत. कारण कुठूनही निघाले की दहाव्या पावलाला ते थांबायचे, "एक मिनिट, बघून येतो" म्हणायचे आणि मागे फिरायचे. कुलूप बघून यायचे, गॅस बघून यायचे, शेडमधला दिवा बघून यायचे. मुलीच्या लग्नातल्या सगळ्यात मोठ्या फोटोत मुलीचे वडील नाहीत. ते घरचा नळ बघून यायला गेले होते. नळ बंद होता. सगळं नेहमी बंदच असे.

लोकांना भीतीमागे काहीतरी गोष्ट हवी असते. लहानपणी पाण्यात पडले असतील, कुणीतरी बुडताना पाहिलं असेल. मिस्त्रींच्या बाबतीत तसलं काही घडलं नव्हतं. त्यांना उत्तम पोहता येत होतं. त्याचा फायदा एवढाच झाला, की कुणाला येत नाही हे त्यांना लांबून ओळखू येऊ लागलं.

बायकोकडे यावर एक औषध होतं. मिस्त्री तिसऱ्यांदा उठायला लागले की ती म्हणायची, "आजवर तुमच्याकडून कधी काही उघडं राहिलंय का? एकदा तरी? सांगा बरं." मिस्त्री मन लावून आठवायचे. राहिलेलं नसायचं. मग ते गपगुमान बसायचे. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण औषधाचा गुण गेला नव्हता.

आता झाकणाबद्दल. या लांबट बोटींच्या मागच्या टोकाला, सुकाणू धरणाऱ्याच्या पायाखाली, एक फळी असते. ती उचलली की खाली इंजिन, आणि त्याच्या मागे बोटीच्या बुडाला एक चौकोनी भोक, थेट पाण्यातल्या, बोट ढकलणाऱ्या पंख्यावर उघडणारं. त्याच्या लोखंडी कडा पाण्याच्या पातळीच्या वर येतात, म्हणून एरवी पाणी आत येत नाही. पंख्यात शेवाळ, दोरी किंवा कुणाची वाळत घातलेली पँट अडकली, की इथून हात घालून काढायची. मग भोकावर लोखंडी झाकण ठेवायचं आणि वरचा आडवा दांडा पिळून ते घट्ट करायचं. झाकण नुसतंच ठेवलेलं असेल, तरी हळूहळू पुढे जाताना काही होत नाही. पण पंखा उलटा फिरवला की पाणी वर उसळतं, झाकण उडतं आणि मिस्त्रींच्या अंदाजाने चार मिनिटांत बोटीचं मागचं टोक खाली बसतं. आणि पंखा उलटा फिरवल्याशिवाय बोट जागच्या जागी थांबत नाही, फार तर काठाला घासत विसावते. "बोटीला ब्रेक नसतो," असं मिस्त्री नव्या गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाइकं हसत. मिस्त्रींनी ते हसण्यासाठी सांगितलेलं नसे.

एकदा, मुलगी शाळेत असताना, मालकीणबाईंनी मिस्त्रींना सहकुटुंब चार दिवसांची बोट फुकट दिली होती. बायकोने आणि मुलीने बगळे पाहिले, पूल पाहिले, टपावर बसून गाणी म्हटली. मिस्त्रींनी झाकण पाहिलं. परतल्यावर मुलीने शाळेत निबंध लिहिला, 'आमची जलसफर'. त्यात वडिलांवर एकच वाक्य होतं: बाबा खाली होते.

मात्र सव्वीस वर्षांत धक्क्यावरची एकही बोट बुडाली नव्हती, आणि त्याचं कारण काय हे मालकीणबाई जाणून होत्या. तरीही दोन वर्षांपूर्वी त्यांना बोलावं लागलं होतं. तेव्हा मिस्त्रींना एका बोटीच्या झाकणाची शंका आली, ते सायकलवरून काठाकाठाने नऊ किलोमीटर गेले आणि भर जेवणात एका नवविवाहित जोडप्याच्या बोटीवर चढले. झाकण घट्ट होतं. जोडप्याने लेखी तक्रार दिली. तिची सुरुवात 'हातात पाना घेतलेला एक इसम' अशी होती.

"पुन्हा बोटीमागे गेलात तर तुम्हाला रंगाच्या शेडमध्ये बसवीन," मालकीणबाई म्हणाल्या होत्या. "झाकणं दुसरा कुणी बघेल."

रंगाच्या शेडचं मिस्त्रींना काही वाटलं नाही. 'दुसरा कुणी' ऐकून मात्र त्या रात्री त्यांनी घरचा नळ चारदा बघितला.

त्या शनिवारची आठवी बोट एका पाचजणांच्या कुटुंबाला दिली होती. जावई विमा कंपनीत होता आणि त्यामुळे कशालाच घाबरत नव्हता. त्याची बायको, सहा वर्षांच्या जुळ्या मुली आणि सासूबाई. सासूबाई रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स, सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये. जावई सामान चढवत होता, मुली कठड्यावर लोंबकळत होत्या, आणि मिस्त्री फळी उचलून पंख्यातलं शेवाळ काढत बसले होते. वरून आवाज आला.

"हे झाकण कशासाठी हो?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारत ते गरम पाणी किती वेळ येतं ते. मिस्त्रींनी वर पाहिलं. नर्सबाई गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या. मग मिस्त्रींनी सांगितलं. झाकण, दांडा, उलटा पंखा, चार मिनिटं, सगळं साग्रसंगीत. नर्सबाईंनी मध्येच दोन प्रश्न विचारले, दोन्ही मुद्द्याचे. मिस्त्रींचा चेहरा उजळला. तेवढ्यात जावई ओरडला, "आई, चला, आपलं जहाज निघालं!" धक्क्यावरच्या बायकांनी बांबूने रेटा दिला आणि बोट धक्का सोडून पुढे सरकली.

पावणेदोनला मिस्त्री डबा खायला बसले. शेजारी रंगारी. धक्क्यावरचा सगळ्यात जुना माणूस आणि सगळ्यात तिखट जिभेचा.

"काय हो, त्या बाईंना काय पुराण सांगत होतात? एवढे खुशीत मी तुम्हाला मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. हां, तिथे तुम्ही नव्हतातच."

"झाकणाचं विचारत होत्या. मी सांगितलं. मग झाकण ठेवलं, मग त्या म्हणाल्या समजलं, मग मी..."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. झाकण ठेवलेलं आठवत होतं. पाना उचलून धक्क्यावर पाय टाकलेला आठवत होता. मधलं आठवत नव्हतं.

"झालं," रंगारी म्हणाला. "आली देवी अंगात."

"दांडा पिळला की नाही, आठवत नाही."

"तुम्हाला सकाळी दात घासलेत की नाही ते तरी आठवतं का? घासलेले असतात ना? जेवा."

यात खोट काढायला जागा नव्हती. न आठवणं ही मिस्त्रींची रोजचीच अवस्था होती. गॅस बंद केलेलाही आठवत नसे, कुलूप लावलेलंही आठवत नसे. त्यांनी मनातल्या मनात औषध घेतलं: आजवर कधी राहिलंय का? नाही. दुसरा डोस घेतला. मग जेवण तसंच टाकून कचेरीत जाऊन जावयाला फोन लावला. लागला नाही. लागणारही नव्हता, मालकीणबाईंच्या जाहिरातीत 'मोबाईलला रेंज नाही' हे सोयींच्या यादीत होतं.

त्या दिशेला पहिली पायरी बारा किलोमीटरवर होती. कालवा जिथे खालच्या पातळीवर उतरतो त्या जागेला सगळे पायरी म्हणत: दोन दरवाजांमधला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सोडायचं, बोट पाण्याबरोबर खाली. तिथे माणूस नसे. दरवाजे गिऱ्हाइकांनीच उघडायचे, तीच मजा समजली जाई. भरलेला हौद दोन पुरुष खोल. आणि पुढच्या दरवाजावर आपटायचं नसेल तर हौदात शिरताच पंखा उलटा फिरवायचा. मिस्त्रींनी हिशोब केला. बाराला निघालेली बोट, माणसाच्या चालीने. अडीचच्या सुमारास पायरीवर.

"मालकीणबाईंनी विचारलं तर?" रंगाऱ्याने मागून हाक दिली.

"सांग, बघून येतो म्हणाले."

रस्ता कालव्यापासून लांबून जायचा, त्यामुळे काठाच्या पायवाटेने सायकल हाणण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जगात याहून संथ पाठलाग झाला नसेल: पुढे चालीच्या वेगाने बोट, मागे चौपन्न वर्षांचा माणूस खडीवरून सायकल हाणतोय. बघणाऱ्याला हसू आलं असतं. मिस्त्री मात्र वाटेकडे न बघता पाण्याकडे बघत होते. पाणी शांत होतं, आणि तेच त्यांना बघवत नव्हतं. पाणी कधीच आधी सांगत नाही. प्रत्येक वळणाला त्यांना वाटे, आता दिसेल: वर आलेलं बोटीचं नाक, तरंगणाऱ्या उशा, एक लहान चप्पल. वळण सरे. काही नसे. मग पुढचं वळण. जुळ्यांनी तरंगायची पट्ट्याची जाकिटं घातली होती का? धाकटीने काढून ठेवलं होतं. की मोठीने? गुडघ्यांमुळे आजींना शिडी चढवत नव्हती, हे त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. असल्या गोष्टी त्यांना सगळ्या आठवत.

अडीचला पाच मिनिटं असताना पायरी दिसली. बोटीचं नाक दरवाजातून आत शिरलं होतं. जावई एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने बिस्किट खात होता. त्याची बायको हौदाच्या कडेला दोर घेऊन उभी. मुली टपावर.

"मागे घेऊ नका!" मिस्त्री जिवाच्या आकांताने ओरडले. "मागे घेऊ नका!"

इंजिनाच्या आवाजात जावयाला एवढंच कळलं, की कुणीतरी हातवारे करत सायकलवरून ओरडत येतंय. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्याने केलं. तो घाबरला आणि त्याने बोट थांबवली. म्हणजे पंखा उलटा फिरवला, पुऱ्या जोराने.

मागचं पाणी उकळल्यासारखं वर आलं. मिस्त्रींनी सायकल टाकली. त्यांनी मागच्या टोकावर नजर लावली आणि ते खाली बसण्याची वाट बघत उभे राहिले. मनात आकडे आपोआप सुरू झाले होते. वीस. तीस. चाळीस.

बोट थांबली. पाणी निवलं. मागचं टोक होतं तिथेच होतं.

"काय झालं काय?" जावई ओरडला. "कुणी मेलं का?"

"अहो झाकणवाले!" आतून नर्सबाई डोकावल्या. "या, या. वर या."

त्यांनी स्वतःच फळी उचलली. मिस्त्री गुडघ्यांवर बसले. बुडाला बोटभर पाणी. झाकण जागेवर, दांडा आडवा, घट्ट. त्यांनी पाना लावून पाहिला. केसभरही हलला नाही. पुन्हा तेच. नवविवाहित जोडप्याचीच गोष्ट. त्यांना रडू फुटायचं तेवढं राहिलं. इतकं बरं वाटलं.

"पिळलेलं होतं तर," ते म्हणाले.

नर्सबाईंनी जावयाकडे एक नजर टाकली. तो बायकोला बिस्किटाच्या पुड्याबद्दल काहीतरी सांगत होता. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नव्हतं."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला.

"नुसतं ठेवलेलं होतं. भांड्यावर ताटली ठेवतात ना, तसं. पहिल्या पुलाशी मी बघितलं आणि पिळलं. पुन्हा एकदा जेवणानंतर. जावईबापूंना वाटलं, माझा चमचा पडलाय."

"तुम्ही का बघितलंत?"

"आमच्याकडे पोट शिवायच्या आधी आत टाकलेले कापसाचे बोळे मोजतात. मोजताना बोलायचं नसतं. मी तुम्हाला बोलायला लावलं. चूक माझी."

"नाही, नाही. चूक माझीच."

"बरं, तुमची," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी विचारलं, "तुमच्याकडून कधी राहिला? बोळा?"

"एकदा."

"मग?"

"मग पुढची एकोणीस वर्षं दोनदा मोजले." त्यांनी फळी खाली ठेवली. "मी कुणाला सांगायची नाही. तुम्ही काय ते बघा."

धाकटीने टपावरून खाली डोकं घातलं. "आजी, हे काका का आलेत?"

"बघायला आलेत."

"काय?"

"आपण आहोत का ते."

परतताना मिस्त्री सायकल हातात धरून चालत आले. चढायचं धाडस होत नव्हतं. त्या दिशेला गेलेल्या आधीच्या चार बोटी पायरीच्या पलीकडे तरंगताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तीन उलट्या दिशेला गेल्या होत्या. तिथली पायरी उद्या दुपारी लागणार. त्या बोटींवर कुणी काही विचारलं नव्हतं. तिथे हात सवयीने फिरला असणार. 'असणार' या शब्दावर मिस्त्री बराच वेळ चालले.

धक्क्यावर ते थेट मालकीणबाईंसमोर उभे राहिले आणि घडलं तसं सांगून टाकलं. मालकीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"सोमवारी बोलू," त्या म्हणाल्या. मग दार ओढून घेताना म्हणाल्या, "बाकीच्या बोटींचं काय?" रागाच्या सुरात नव्हे. त्यांनाही आता भीती वाटत होती, आणि हे मिस्त्रींना सगळ्यात जड गेलं. सव्वीस वर्षं धक्क्यावर घाबरण्याचं खातं एकट्या मिस्त्रींकडे होतं, म्हणून बाकीचे निर्धास्त होते.

घरी बायको भाजी परतत होती. रंगाऱ्याने वाटेत तिला अर्धी हकीकत ऐकवली होती, ती अर्थातच हसरी अर्धी.

"गेलात ना पुन्हा? बंद होतं ना?"

"होतं."

"मग? सांगत होते ना मी!" तिने झारा पातेल्यावर आपटला. "आजवर तुमच्याकडून कधी काही उघडं राहिलंय का? एकदा तरी? सांगा बरं."

मिस्त्री खुर्चीवर बसले. नेहमीसारखे ते आठवायला लागले नाहीत.

बायकोने मागे वळून पाहिलं. झारा खाली ठेवला. एकतीस वर्षांत या प्रश्नाला उत्तर यायला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"किती बोटी उरल्यात?" तिने विचारलं.

"तीन. पायरी उद्या दुपारी."

"पहाटे निघू. शेजारणीची सायकल मागते. डबा दोघांचा करते."

तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि शेजारी जायला निघाली. उंबऱ्यापाशी थांबली. मग मागे फिरली आणि गॅस बघून आली.