मुहूर्ताची कांडी

५ ऑगस्ट १९८७ रोजी आमच्या साखर कारखान्याने संगणकापोटी एक लाख बेचाळीस हजार तीनशे रुपये दिले. चेक मीच लिहिला. कारखान्यात गार हवेची अशी संगणकाची ती एकच खोली झाली. दाराबाहेर चपला काढाव्या लागत, त्यामुळे आत शिरताना माणसं आपोआप आवाज खाली आणत, देवळात आल्यासारखी.

त्या खोलीत काम नसताना येऊन बसणारा एकच माणूस होता, आमचे शेतकी ओव्हरसियर आण्णाप्पा. निपाणीपासून कोगनोळीपर्यंतच्या पट्ट्यात कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा मागून, हे तेच ठरवत. सायकल बांधाला टेकवून रानात शिरायचे, ऊस न्याहाळायचे आणि तोडणीची चिठ्ठी फाडून द्यायचे. चिठ्ठी मिळाली की तोडकऱ्यांची टोळी येई. उशीर झाला तर ऊस वाळे, वजन घटे, आणि शिव्या आण्णाप्पांच्या नावाने जात. संगणक येणार म्हटल्यावर कारखान्यात सगळ्यांना नोकरीची धास्ती होती. आपलं काम मशीनने घ्यावं म्हणून वाट बघणारे आण्णाप्पा एकटेच.

त्याला कारण होतं. त्यांची थोरली बहीण नागुबाई कोगनोळीला दिलेली. नवरा वारल्यावर दीड एकराचं रान तीच बघायची. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून आण्णाप्पा दरवर्षी तिची चिठ्ठी अगदी शेवटी काढत, आणि तीही दुसऱ्याच्या हाती पाठवत. हळूहळू तिने त्यांच्याशी बोलणंच सोडलं. भाऊबीजेला ओवाळायची, पण नजर ताटावर ठेवून.

"काल सपान पडलं," एकदा त्या गार खोलीत डोळे अर्धे मिटून ते मला म्हणाले. "सगळा ऊस आपल्या पायानं चालत कारखान्याला आलता. तुरे हलवत, एकामागं एक. कुणी ढकलत न्हाय, कुणी विचारत न्हाय. मी नुसता कडंला उभा."

बेळगावहून आलेला आमचा संगणकवाला जिनपाल हसला. "तेवढंच करायचंय, आण्णाप्पा. ऊसनोंदीच्या अर्जावरची लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची तारीख मशीनला सांगायची. जुनी लागण आधी, नवी मागून. संपलं."

दिवाळीनंतर यादी निघाली. लांबच लांब कागद यंत्रातून घडीघडीने उतरत राहिला आणि आण्णाप्पा त्याच्याकडे झोपेतल्या माणसासारखे बघत राहिले. कोगनोळीच्या यादीत पहिलंच नाव नागुबाईचं होतं.

पुढच्या गुरुवारी निपाणीचा बाजार करून ती थेट कारखान्यात आली. डोक्यावरची बुट्टी खाली ठेवून दारातूनच मशीनकडे बोट करत म्हणाली, "ह्याला माझा ऊस दिसला बघ. तुला एवढी वर्सं दिसला न्हाय." पण म्हणताना हसली. बुट्टीतली केळी काढून भावाच्या हातात दिली. ती गेली तरी आण्णाप्पा केळी तशीच धरून उभे होते.

मग त्यांनी यादी परत हातात घेतली. नागुबाईच्या नावापुढची तारीख गेल्या वर्षीच्या दसऱ्याची होती. खालच्या नावापुढेही दसराच. तिसऱ्यापुढेही.

आमच्याकडे दसऱ्याला रान मोकळं नसतं. तंबाखू उभी असते. तरी मुहूर्त चुकू नये म्हणून लोक बांधाच्या कोपऱ्यात उसाच्या चार-पाच कांड्या पुरतात, हळदकुंकू वाहतात, आणि लागण झाली म्हणतात. खरी लागण तंबाखू निघाल्यावर, पौष-माघात. अर्जावर मात्र सगळे मुहूर्ताचीच तारीख सांगतात. यात लबाडी नसते, त्यांच्या लेखी ऊस त्याच दिवशी लागलेला असतो. आण्णाप्पाही तीच लिहून घेत. पुढे रानात जाऊन ऊस बघायचाच असे, त्यामुळे इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

"मशीनला रान कुठं दिसतंय," जिनपाल ओशाळून म्हणाला.

"तसंच जाऊ दे म्हटलं तर?" आण्णाप्पांनी विचारलं.

"तर तशी तोड होईल. कवळा ऊस आधी येईल, पिकलेला वाळेल. पण तुम्हाला कुणी बोलणार नाही. मशीनने केलं म्हणतील."

आण्णाप्पांनी यादीची घडी घातली.  मग उठून चपला न घालताच ते कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या खोलीकडे गेले.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि यादी थांबवली. अर्जात खऱ्या लागणीचा रकाना वाढवला, आणि तो भरायला आण्णाप्पांची सायकल पुन्हा बांधाबांधाने फिरली. नवी यादी निघाली तेव्हा नागुबाईचं नाव माघात गेलं होतं.

रविवारी ते मला म्हणाले, "संगट चला. एकट्याला पाय उचलंना." बसस्टँडवर खिसे चाचपले तर पाकीट घरीच राहिलं होतं. बहिणीसाठी पेढे आणि त्यांचं जाण्यायेण्याचं तिकीट मी काढलं.

सकाळ उलटली तरी कोगनोळीच्या रानावर धुकं होतं. तुरे तेवढे वर दिसत होते, पाण्यावर तरंगत असल्यासारखे. नागुबाई बांधावर वैरण कापत होती.

"कोण, चिठ्ठीवाला?" ती मान वर न करता म्हणाली. "यंदा धाडायला माणूस मिळाला न्हाय व्हय रं?"

"आक्का, तुझा नंबर खाली गेला. माघात येईल तोड."

"मशीननं काढला?"

"न्हाय. मी सांगिटलं म्हणून काढला. दसऱ्याला तू कोपऱ्यात पाच कांड्या लावल्यास. बाकी रानात तंबाखू हुती."

"हुती की." तिने विळा खाली ठेवला. "पर पयला नंबर हुता माझा."

 आण्णाप्पा उसाकडे बघत राहिले. तीही बघत राहिली.

"मागं कवा मी भांडलो का तुझ्यासंग?" ती म्हणाली. "परक्याच्या हाती कागद यायचा. कागदासंग काय भांडायचं? आज आलाईस तर ऐकून जा." आणि मग ती मनसोक्त बोलली. लहानपणी खाल्लेल्या गुळापासून सगळं काढलं. आण्णाप्पा मान खाली घालून ऐकत होते, आणि मला वाटलं, उभ्या जागीच त्यांची बऱ्याच वर्षांची झोप भरून निघतेय. शेवटी ती म्हणाली, "चला, भाकरी खाऊन जावा दोघंबी."

परतीच्या बसमध्ये ते माझ्या खांद्यावर झोपले. निपाणी आली तेव्हा मी हलवलं आणि विचारलं, "ऊस चालत होता का?"

"व्हय," ते म्हणाले. "पर वाट इचारत हुता."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. संगणक अजून आहे, अर्जातला रकानाही आहे. पेढ्यांचे आणि तिकिटाचे मिळून साडेनऊ रुपये त्यांच्याकडून मला येणे आहेत.