दोन पान्यांचं काम

वडशाच्या त्या राइस मिलचा विषय निघाला की मला अजूनही ओशाळल्यासारखं होतं. पन्नासच्या दशकात मी तिथे ठाणेदार होतो. मिलमध्ये बॉयलरची वाफ धान उकडायच्या दोन टाक्यांत जाई. इंजिनाच्या धक्क्यांनी लोखंडी पाइपाचे सांधे गळत, म्हणून मालकानं नागपूरच्या फिटरकडून तारांनी विणलेल्या दोन लवचिक नळ्या बसवून घेतल्या. आठवडाभरात त्यातली एक फुटली आणि धान पसरणाऱ्या एका बाईचा पाय भाजला.

मालकानं रपट दिली की बॉयलरची भट्टी सांभाळणाऱ्या फायरमननं नळी कापली. नळ्या बसवल्या त्याच दिवशी तो चारचौघांत म्हणाला होता, ‘हे टिकत नाई.’ चौकीदारानं मला बाजूला घेऊन सांगितलं, सकाळीच तो नळी चाचपत होता, कमरेला चाकू होता. तो जाळं टाकणाऱ्यांच्या घरातला, चाकू कमरेला असायचाच. पण तेव्हा मला ते पुरेसं वाटलं. पंचनामा करून नळी जप्त केली आणि त्याला कोठडीत टाकलं.

दोन तास दरडावून विचारलं. त्याचं एकच पालुपद.

“मी नाई कापली साहेब. दुसरीबी फुटन.”

मी चिडलो. ठाण्यात बसून धमकी देतो म्हणजे काय! जबाबात तसंच लिहून घेतलं.

दुपारी त्याचा म्हातारा बाप भाकर घेऊन आला. जन्मभर जाळी विणलेला माणूस. टेबलावरच्या नळीचं तुटलेलं टोक त्यानं डोळ्यांजवळ नेलं.

“हे कोनं कापली नाई साहेब. पिळून तुटली. दोरीले उलटा पीळ बसला का ते अशीच तुटते.”

मी तसाच उठून मिलमध्ये गेलो. मालकानं एका टाकीवर काम चालूच ठेवलं होतं आणि त्या दुसऱ्या नळीलगत सहा बाया बसल्या होत्या. त्यांना उठवलं, वाफ बंद केली, पंचांसमोर नट सैल करवला. नळी आपोआप अर्धा वेढा उलटी फिरली. म्हणजे हिच्यातही तसाच पीळ होता.

नागपूरच्या फिटरला मागाहून बोलावून घेतलं. एका पान्यानं नळीची मान धरायची आणि दुसऱ्यानं नट आवळायचा, हे त्याला ठाऊक होतं. मदतीला माणूस नव्हता म्हणून त्यानं एकाच पान्यावर भागवलं. नटाबरोबर नळीही पिळली गेली होती. भाजलेली बाई पुढे बरी होऊन कामावर आली, फायरमन मात्र मी मिलमधून परतलो त्याच संध्याकाळी सुटला. सोडताना मी त्याला विचारलं, “पीळ पडलाय हे तुला कळलं होतं, मग नीट सांगितलं काऊन नाही?”

“सांगतलं ना साहेब. तुमी लिहूनबी घेतलं.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मलाच जास्त लाज वाटली. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत प्रत्येक जबाब मी त्या माणसाला वाचून दाखवला आणि विचारलं, तुला हेच म्हणायचं होतं ना?